चकचकीत काळी की मळकट तपकिरी?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी टेक्ससमध्ये प्लेनो इथे राहतो. आमचे वृद्ध शेजारी मागच्या महिन्यात गेले. त्यांची मुलगी घर आवरते आहे आणि वडिलांच्या दोन जुन्या लिव्हर-अ‍ॅक्शन (चापाभोवतीची दांडी, म्हणजे लिव्हर, खालीवर करून काडतूस भरायच्या) रायफली विकायच्या म्हणते. दोन्ही विंचेस्टर मॉडेल 1873, दोन्ही .44-40 मापाच्या काडतुसाच्या, दोन्हींच्या नळ्या अष्टकोनी. पहिलीचा क्रमांक तीन लाखांच्या घरातला असून त्यापुढे ‘बी’ हे अक्षर आहे. ती नळीपासून हॅमर (गोळी उडवणारी मागची हातोडी) आणि लिव्हरपर्यंत काळीभोर, अगदी आरशासारखी आहे. तिच्या नळीवर, फ्रेमच्या (यंत्रणा सामावणाऱ्या मधल्या लोखंडी भागाच्या) जवळ, एका लंबगोलात डब्ल्यू आणि पी अशी अक्षरं आहेत. तिला जुन्या दुकानदाराची चिठ्ठी अडकवलेली आहे : ‘एक्सलंट, 90 टक्के फिनिश’. दुसरीचा क्रमांक एक लाख चाळीस हजारांच्या आसपास. ती मळकट तपकिरी आहे, वरचं सरकतं झाकण गायब आहे आणि दस्त्याला बारीक चीर गेली आहे. पहिलीची किंमत दुसरीच्या जवळजवळ दुप्पट सांगितली आहे. मला एकच घ्यायची आहे, संग्रहासाठी. काळी घ्यावी, की तपकिरी घेऊन घासून-पुसून चकचकीत करावी? पुढेमागे ती पुण्याला नेता येईल का?

उत्तर : तपकिरी घ्या, आणि घासू नका. अर्थात खाली सांगितलेल्या तपासण्यांत ती टिकली, तरच. काळी रायफल तुम्ही दिलेल्या वर्णनातच तीनदा पकडली गेली आहे.

पहिला पुरावा हॅमर आणि लिव्हर. 1873 च्या नेहमीच्या रायफलीत फ्रेम आणि नळी निळसर-काळ्या ब्लूइंगची (लोखंडावर चढवलेल्या ऑक्साइडच्या थराची) असायची, पण हॅमर आणि लिव्हर केस-हार्डन केलेले, म्हणजे तापवून वरचा थर कडक केलेले असत. नवेपणी त्यावर निळ्या, करड्या, पिंगट छटांचे ढग दिसतात आणि वापराने व उन्हाने ते उडून रुपेरी-करडा रंग उरतो. हे दोन भागही नळीसारखेच काळेभोर असतील, तर कोणीतरी सगळी रायफल एकाच टाकीत बुडवून काढली आहे. दुसरा पुरावा रंगाचा एकसारखेपणा. कारखान्यात फ्रेम आणि नळी वेगवेगळ्या पद्धतीने रंगवल्या जात. फ्रेम कोळशाच्या भट्टीत तापवून, तर नळीवर गंज चढवून, उकळून, घासून आणि पुन्हा तेच करून. म्हणून अस्सल रायफलीत दोघींची छटा वेगळी असते आणि दोघी झिजतातही वेगळ्या : फ्रेमचा रंग पापुद्र्यांसारखा सुटतो, नळीचा हळूहळू विटून तपकिरी होतो. गरम क्षारांच्या टाकीतलं ब्लूइंग कारखान्यांत रुळलं ते 1930 च्या दशकाच्या अखेरीस. त्यानंतर गल्लीतल्या कारागिरालाही सगळं एका दिवसात एकसारखं काळं करून देणं सोपं झालं.

तिसरा पुरावा तो लंबगोल. डब्ल्यू-पी ही विंचेस्टरची चाचणीखूण आहे आणि ती 1905 पासून वापरात आली. तीन लाखांच्या घरातला क्रमांक म्हणजे रायफल 1890 च्या आगेमागे बनलेली. मग तिच्या नळीवर ही खूण कशी? फ्रेमवरही तीच खूण असेल, तर रायफल कधीतरी दुरुस्तीसाठी कारखान्यात परत गेली होती. फक्त नळीवर असेल, तर नळी नंतर बदललेली आहे. पहिली शक्यता जरा बरी, पण 1890 ची मूळ रायफल म्हणून किंमत मोजायची असेल तर दोन्ही वाईटच. क्रमांकापुढचं ‘बी’ मात्र संशयास्पद नाही. त्या काळातल्या पुष्कळ 1873 रायफलींवर ते असतं.

आता त्या चिठ्ठीबद्दल. अमेरिकेत जुन्या शस्त्रांची प्रत ठरवायला एनआरए, म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन, या संघटनेची श्रेणी वापरतात आणि तिथेच मोठा घोळ होतो. नव्या बंदुकांची श्रेणी वेगळी आणि अँटिक बंदुकांची वेगळी, पण शब्द तेच. अँटिक श्रेणीत ‘एक्सलंट’ म्हणजे सर्व भाग मूळ, 80 टक्क्यांहून जास्त मूळ फिनिश (कारखान्यात चढवलेला रंग), अक्षरं आणि कडा तीक्ष्ण, लाकूड निर्दोष, नळी आतून चांगली. ‘फाइन’ला सर्व भाग मूळ आणि 30 टक्क्यांहून जास्त मूळ फिनिश हवं. ‘व्हेरी गुड’ला मूळ फिनिश शून्य ते 30 टक्के चालतं, पण भाग सगळे मूळच हवेत, पृष्ठभाग गुळगुळीत आणि कडा धारदार हव्यात. पुन्हा ब्लूइंग केलेली रायफल कितीही चमकली तरी ‘गुड’च्या वर जात नाही. टक्के मोजायचे ते मूळ फिनिशचे. काल चढवलेल्या रंगाचे नव्वद टक्के हा आकडा निरर्थक आहे. म्हणजे तुमच्या काळ्या रायफलीची खरी जागा ‘गुड’ आणि तपकिरीची, सगळं जमलं तर, ‘व्हेरी गुड’. दुकानदार लबाड होता असं नाही. नव्या बंदुकांची पट्टी त्याने जुनीला लावली असावी. पण पैसे तुमचे जाणार आहेत.

आता तपकिरीकडे वळू. हात लावण्याआधी ती रिकामी असल्याची खात्री करा. अशा घरांतल्या रायफली भरलेल्या सापडतात. नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये चोवीस इंची रायफलीत 15 काडतुसं बसतात आणि लिव्हर एकदा उघडून काही दिसलं नाही म्हणजे ती रिकामी असं नव्हे. तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून दूर, लिव्हर अनेकदा पूर्ण उघडा-मिटा. मग चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या पोकळीत) आणि मॅगझिनच्या तोंडाशी टॉर्च मारून बघा आणि चेंबरमध्ये करंगळी घालून चाचपा. जुनी स्प्रिंग अडकून काडतुसं मागेच राहिलेली असू शकतात, म्हणून शंका असेल तर तिथेच थांबा आणि बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. मोकळी असली तरी रिकामा चाप ओढत बसू नका.

मग रायफल खिडकीतल्या तिरप्या उन्हात न्या. ट्यूबलाइटखाली सगळंच काळं दिसतं. मूळ ब्लूइंग शोधायचं ते हात आणि कापड पोहोचत नाही अशा ठिकाणी : नळी आणि मॅगझिनच्या मधली खाच, लोडिंग गेटच्या (काडतूस आत सरकवायच्या बाजूच्या दाराच्या) कडेचा भाग, हॅमरच्या दोन्ही बाजूंचे कोपरे, नेम धरायच्या साइटच्या बुंध्याशी. तिथे निळसर काळपट रंग आणि उघड्या पृष्ठभागावर त्यातून हळूहळू उतरत गेलेला तपकिरी, हा क्रम हवा. उंचवट्यांवर, म्हणजे रायफल हातात धरून चालताना जिथे मूठ पडते तिथे, फ्रेमच्या पोटाखाली आणि नळीच्या कडांवर, झीज जास्त असायलाच हवी. झीज सगळीकडे सारखी असेल किंवा खाचेतही चमकदार करडं लोखंड असेल, तर ती रायफल कधीतरी घासली गेली आहे आणि तपकिरी रंग नंतर चढलाय, कदाचित मुद्दाम चढवलाय. फिनिशचा टक्का सांगायचा तर नळी, फ्रेम आणि मॅगझिन यांचा वेगवेगळा सांगा. ‘फ्रेमवर 10, नळीवर 25’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा, सरसकट एक आकडा सांगणाऱ्यावर जपून.

त्यानंतर कडा. अष्टकोनी नळीचा फायदा हा, की ती खोटं बोलू शकत नाही. आठही पैलूंच्या कडांवरून नख ओढा. बफिंगच्या चाकाखाली गेलेल्या नळीची कड साबणाच्या वडीसारखी गोल होते आणि पैलू उन्हात धरले की त्यात लाटा दिसतात. फ्रेमवरच्या स्क्रूंची भोकं बघा : मूळ भोकाची कड सरळ उतरते, बफिंग केलेल्या भोकाभोवती बशीसारखा खळगा होतो. अक्षरांचंही तेच. नळीच्या वरच्या पैलूवर कंपनीचं नाव, न्यू हेवन आणि किंगच्या पेटंटच्या तारखा 1866 आणि 1860 अशा दोन ओळी असतात. हॅमरच्या मागे दस्त्यावर जाणाऱ्या पट्टीवर, म्हणजे टँगवर, ‘मॉडेल 1873’. अक्षरांचा तळ सगळीकडे सारखा खोल हवा. अर्धी ओळ ठसठशीत आणि अर्धी पुसट, किंवा अक्षरांच्या कडा एकाच दिशेला ओढल्यासारख्या, म्हणजे चाक फिरलं आहे. हाच तपास काळ्या रायफलीवरही करून पाहा. दोघी शेजारी ठेवल्या की फरक समजवायला तज्ज्ञ लागणार नाही.

स्क्रूंच्या खाचांवर भिंग धरा, दहापट मोठं दाखवणारं पुरेल. जुन्या स्क्रूंची डोकी किंचित घुमटाकार, खाच अरुंद आणि सरळ. खाचेच्या कडा फाटलेल्या असतील तर चुकीच्या पेचकसाने कोणी आत शिरला होता. या रायफलीच्या दोन्ही बाजूंना सुट्या पट्ट्या असतात, आणि त्या उघडण्याच्या घाईत लोक पट्टीच्या सांध्यात पेचकस घालून उचकतात; त्याचे ओरखडे सांध्यावर कायमचे राहतात. पट्टी आणि फ्रेममधली रेघ केसाएवढी बारीक हवी. ती रुंद आणि गोलसर दिसली तर फ्रेम घासलेली आहे. तुम्ही स्वतः पट्ट्या उघडू नका.

लाकडाची खूण तर विसरूच नका, कारण ती फसवता येत नाही. कारखान्यातून निघताना अक्रोडाचा दस्ता धातूपेक्षा किंचित उंच असायचा. टँगच्या कडेवरून आणि दस्त्यामागच्या लोखंडी पट्टीवरून बोट फिरवलं, तर लाकडाची बारीक पायरी जाणवते. धातू वर आणि लाकूड खाली असेल तर सँडपेपर फिरला आहे, वर कितीही सुंदर पॉलिश असो. चीर बहुधा टँगच्या टोकापासून मागे जाते. बारीक, न हलणारी, जुनी चीर ‘व्हेरी गुड’ला फारशी बाधत नाही; दस्ता पिळल्यावर ती उघडत असेल तर बाधते. दस्त्यामागच्या पट्टीत छोटं झाकण असतं, आत साफसफाईची सळई ठेवायची जागा. सळई बहुधा नसतेच. असली तर तो बोनस.

भाग मूळ आहेत का? क्रमांक नव्वद हजारांच्या पुढचा म्हणजे ही 1873 ची तिसरी आवृत्ती. तिच्यात सरकतं झाकण ज्या मधल्या रुळावर चालतं तो रूळ फ्रेमच्याच लोखंडातून कोरलेला असतो. दुसऱ्या आवृत्तीत तो वेगळा असून दोन स्क्रूंनी बसवलेला असे. तुमच्याकडे झाकण नसलं तरी रूळ दिसेलच. क्रमांक एक लाख चाळीस हजार आणि रुळावर दोन स्क्रू, असं दिसलं तर क्रमांकाबद्दल प्रश्न विचारा. झाकण नसणं हा या मॉडेलचा नेहमीचा दोष आहे. ते खडखडायचं म्हणून पुष्कळांनी काढून टाकलं. किंमत कमी होते हे खरं, पण नवं घडवलेलं झाकण बसवून तो ‘मूळ भाग’ होत नाही. बसवलंत तर विकताना तसं सांगा.

फ्रेमच्या पोटातला पितळी ठोकळा, जो काडतूस वर उचलतो, त्याच्या खालच्या बाजूला कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, कोरलेलं सापडतं. ते नळीशी जुळायला हवं. .44 च्या नळीखाली .38 चा ठोकळा म्हणजे दोन रायफली मिळून एक केली आहे. अगदी सुरुवातीच्या, फक्त .44 येत असे त्या काळातल्या नळ्यांवर कॅलिबर लिहिलेलं नसे, ते मात्र योग्यच. आणि कृपा करून त्या पितळेला पितांबरी किंवा चिंच लावू नका. ती देवघरातली समई नाही. तिचा मळकट सोनेरी रंग लोखंडाच्या तपकिरीशी जुळतो हाच तर वयाचा दाखला आहे.

नळीची लांबी मोजा. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) बंद, तोंडातून लाकडी काठी बोल्टच्या चेहऱ्याला टेकेपर्यंत आत, तोंडापाशी खूण, मग काठी बाहेर काढून माप. नेहमीच्या रायफलीची नळी 24 इंच, म्हणजे सुमारे 61 सेंटिमीटर. कार्बाइनची, म्हणजे आखूड रायफलीची, 20 आणि तीही गोल. बावीस वगैरे आली, पुढची साइट तोंडाला खेटलेली दिसली आणि मॅगझिनचं टोक नव्याने कापल्यासारखं वाटलं, तर नळी छाटलेली आहे. मागणीनुसार वेगळ्या लांबीच्याही बनत, पण तसं असेल तर ते कागदावर सिद्ध व्हायला हवं. नळीच्या वर किंवा फ्रेमच्या बाजूला जास्तीची भोकं, दुर्बिणीसाठी पाडलेली, दिसली तर किंमत बरीच खाली येते. बुजवलेलं भोक तिरप्या उन्हात वर्तुळासारखं उमटतं.

नळीच्या आत बघायचं तर बोल्ट मागे घेऊन फटीत पांढरा कागद धरा, त्यावर टॉर्च मारा आणि तोंडाकडून बघा. पण आधी तेलाची चिंधी एकदोनदा फिरवा. काळी दिसणारी नळी कधी नुसती घाण निघते, कधी खरंच खड्ड्यांची. त्या काळच्या काडतुसांतली काळी बारूद आणि ठिणगी पाडणाऱ्या कॅपमधले क्षार ओलावा धरून लोखंड खातात, म्हणून करडी, थोडी खडबडीत नळी अपेक्षितच आहे. आतल्या पिळाच्या चऱ्या ठळक असल्या म्हणजे झालं. एखाद्या ठिकाणी गडद कडी दिसली तर बाहेरून त्याच जागी बोट फिरवा. तिथे फुगवटा लागला तर अडथळ्यावर गोळी झाडली गेली होती. ‘व्हेरी गुड’च्या व्याख्येत नळीची आतली स्थिती धरतच नाहीत, तरी फुगलेली नळी कोणी आनंदाने घेत नाही.

यंत्रणेचा भाग थोडक्यात. हॅमर अर्ध्या खाचेवर ठेवून चाप बऱ्यापैकी जोराने ओढा. हॅमर सुटला तर खाच झिजली किंवा तुटली आहे. लिव्हर पूर्ण मिटल्याशिवाय चाप चालू नये. या रायफलीत बोल्टला मागून आधार देतात त्या दोन जोडकड्या. गुडघा सरळ केल्यासारख्या त्या सरळ होतात आणि सगळा भार त्यांच्या पिनांवर येतो. पिना झिजल्या की बोल्ट मागे सरकायला जागा मिळते आणि काडतुसाचं कवच ताणतं. लिव्हर मिटलेली असताना बोल्ट बोटाने हलतो का बघा. झाकण नसल्यामुळे तुम्हाला ते सोपं आहे. झाडायची असेलच तर आधी जाणकाराकडून हेडस्पेस (चेंबरमधल्या काडतुसामागे बोल्टपर्यंत उरणारी मोकळी जागा) मोजून घ्या. या रायफलीचं मूळ काडतूस 40 ग्रेन (सुमारे अडीच ग्रॅम) काळ्या बारुदीचं होतं. याच मापाची पण पुढच्या, जास्त मजबूत 1892 मॉडेलसाठी भरलेली जोरकस काडतुसं हिच्यात घालणं धोक्याचं आहे.

कागदपत्रांसाठी वायोमिंगमधल्या कोडी गावाला लिहा. तिथल्या बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्टमध्ये विंचेस्टरच्या जुन्या वह्या आहेत आणि क्रमांक दिला की शुल्क घेऊन ते नोंदीचं पत्र देतात : कॅलिबर, नळी गोल की अष्टकोनी, चापाचा प्रकार, गोदामातून निघाल्याची तारीख. नळीच्या लांबीचा वाद इथे मिटू शकतो. पत्र फक्त तेव्हाची रायफल सांगतं, आज समोर असलेली नाही, आणि ती कोणी विकत घेतली होती हे त्यात बहुधा नसतं. शेजारणीने ‘ही एका शेरीफची होती’ असं सांगितलं तर ऐकून घ्या, पैसे देऊ नका. त्याच न्यायाने, नळीवर ‘वन ऑफ वन थाउजंड’ असं, म्हणजे कारखान्याच्या खास निवडक रायफलींवरचं नाव, कोरलेलं कुठे दिसलं तर आधी पत्र मागवा. 1873 मॉडेलमध्ये अशा जेमतेम 130-140 रायफली बनल्या आणि नकली त्याहून सहज मिळतात.

क्रमांकावरून तुमच्या दोन्ही रायफली 1898 च्या आधीच्या ठरतात. 1898 पर्यंत बनलेलं शस्त्र अमेरिकेच्या संघीय कायद्यात अँटिक धरलं जातं. मॉडेलचं उत्पादन त्यानंतरही बरीच वर्षं चालू होतं, म्हणून नुसतं ‘1873’ वाचून ते गृहीत धरू नका. राज्यांचे नियम निराळे असतात, टेक्सस सोडून जाणार असाल तर तिथले बघा. पुण्याचा बेत मात्र सोडा. चालू स्थितीतल्या रायफलीला भारतात आयातीची परवानगी आणि शस्त्रपरवाना दोन्ही लागतात. विमानतळावर सामानातून निघाली तर प्रकरण गंभीर होतं.

किंमत ठरवताना दुकानांतल्या चिठ्ठ्या बघू नका. रॉक आयलंडसारख्या लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर खरोखर विकल्या गेलेल्या 1873 चे भाव मिळतात. तिसरी आवृत्ती, .44, अष्टकोनी नळी, ‘व्हेरी गुड’, अशा चार-पाच विक्री काढा आणि झाकण नसल्याचं त्यातून वजा करा. काळ्या रायफलीसाठी ‘पुन्हा ब्लूइंग’ असं लिहिलेल्या विक्री वेगळ्या शोधा. शेजारणीलाही त्या दाखवा. तिने दुप्पट किंमत फसवायला सांगितलेली नाही, तिने फक्त चिठ्ठी वाचली आहे.

घेतल्यावर काय करायचं? शिवणयंत्राचं हलकं तेल सुती कापडावर घेऊन धातूवर पातळ हात फिरवा, दोन दिवस ठेवा, कोरड्या कापडाने पुसा, दोनतीनदा असंच. सुटणारी लाल गंजाची पावडर तेवढी जाऊ द्या, घट्ट तपकिरी थर राहू द्या. कुठे लाल गंजाचा टपका चिकटला असेल तर तेलात भिजवून 1982 पूर्वीच्या अमेरिकन पेनीच्या कडेने हलकेच खरवडा. ती पंच्याण्णव टक्के तांब्याची असल्याने लोखंडाहून मऊ असते. गंज काढणारी रसायनं आणि व्हिनेगर पूर्ण वर्ज्य. ब्लूइंग हाही लोखंडाचा ऑक्साइडच आहे, त्या द्रावणाला दोन्हीतला फरक कळत नाही. खाचेत लपलेला उरलासुरला निळा रंगही दहा मिनिटांत जाईल. स्टील वूल आणि बफिंगही नको. लाकडाला फक्त कोरडा मऊ ब्रश आणि मेणाचा पातळ हात, वॉर्निश नाही. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओलावा आणि कमावणीचे क्षार धरून ठेवतं. उभी किंवा आडवी, म्यानाशिवाय पण कुलूपबंद कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पहिल्या वर्षी महिन्यातून एकदा नळी-मॅगझिनमधली खाच तपासा; नवा गंज तिथूनच सुरू होतो.